गोळी आधी, कारण नंतर: नैराश्यावरील औषधांची सत्तर वर्षे



संयोजकांनी आजचा विषय एका साध्या प्रश्नाच्या रूपात दिला आहे. नैराश्यावर ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांचा खरोखर उपयोग होतो का? प्रश्न साधा आहे, पण तो विचारणारा माणूस बहुधा साध्या स्थितीत नसतो. कुणाची मुलगी तीन महिने खोलीबाहेर आलेली नाही, कुणाचे वडील निवृत्तीनंतर बोलेनासे झाले आहेत, कुणी स्वतःच सहा वर्षे गोळी घेत आहे आणि ती कधी थांबणार हे त्याला कुणी सांगितलेले नाही. अशा घरांत दोन्ही बाजूंनी सल्ले येतात. एक म्हणतो, "अहो, मेंदूतलं केमिकल कमी झालंय. मधुमेहाला इन्सुलिन घेतो ना, तसंच आहे हे." दुसरा म्हणतो, "सगळं कंपन्यांचं खूळ आहे. सवय लागेल. सकाळी उठून चालायला जा."

आम्ही वैद्यकातले नाही. आमचे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले. त्यामुळे कुणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि ते आज आपण करणारही नाही. पण आमच्या विषयाच्या माणसाला एक काम करता येते. एकमेकांत गुंतलेले प्रश्न सोडवून वेगळे ठेवता येतात. इथे तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला, नैराश्य का येते? दुसरा, गोळी शरीरात काय करते? तिसरा, गोळी घेणाऱ्याला बरे वाटते का, आणि किती? गेल्या सत्तर वर्षांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पुराव्यांवर दिली गेली, आणि मग आपण सगळ्यांनी त्यांची एकच मोट बांधली. ती मोट आज सोडून पाहू.

आधी शब्दाबद्दल थोडे. नैराश्य हा शब्द आपण फार सैल वापरतो. परीक्षेत गुण कमी पडले, नैराश्य. सामना हरलो, नैराश्य. गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग म्हणतात, म्हणून 'अर्जुनाला डिप्रेशन आलं होतं' असेही प्रवचनांत ऐकू येते. पण अर्जुनाच्या विषादाला समोर दिसणारे कारण होते, तो जोरकस युक्तिवाद करत होता, आणि संवादाच्या शेवटी तो उठून उभा राहिला. वैद्यक ज्याला नैराश्याचा आजार म्हणते त्यात निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असते किंवा कशातच गोडी उरत नाही. झोप, भूक, एकाग्रता बिघडते, अपराधी वाटत राहते, काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. 'मन घट्ट कर' म्हटल्याने ते जात नाही. आपण बोलणार आहोत ते या आजाराबद्दल.

मुंबईतून बाझलकडे

या औषधांचा इतिहास सांगताना लोक थेट न्यूयॉर्कला जातात. आपण आधी मुंबईत थांबू. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे फार जुन्या काळापासून वापरात आहे. बिहारकडे तिला 'पागल की दवा' असेच म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असा निबंध लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन नीट नोंदी ठेवल्या, आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा केला. त्याचे नाव रिसर्पिन. न्यूयॉर्क राज्यातले नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइनही होते आणि आपले वकीलही.

रिसर्पिन हे काही नैराश्यावरचे औषध नव्हे. ते माणसाला शांत करणारे औषध. पण नैराश्याच्या कथेत ते पुढे एका वळणावर महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून त्याचे नाव लक्षात ठेवा.

क्षयाच्या वॉर्डातला नाच

आता न्यूयॉर्क. तिथल्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू हे क्षयाचे मोठे रुग्णालय होते. १९५२ च्या सुमारास तिथे दोन नवी औषधे दिली जात होती, आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड. दोन्ही हायड्रॅझिनपासून बनलेली. हे हायड्रॅझिन युद्धकाळात जर्मनीत रॉकेटच्या इंधनात वापरले गेले होते. आयप्रोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांमध्ये डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. फुफ्फुसे अजून बरी झालेली नाहीत, तरी माणसे उत्साहात आहेत, भरपूर जेवत आहेत. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली.

क्षयाच्या डॉक्टरांच्या लेखी हा दुष्परिणाम होता. १९५७ मध्ये क्लाइन यांनी तोच दुष्परिणाम औषध म्हणून वापरला, आणि क्षय नसलेल्या, पण खिन्नतेने खचलेल्या रुग्णांना आयप्रोनियाझिड दिले. अनेकांना फरक पडला. औषध क्षयासाठी बाजारात होतेच, त्यामुळे त्याचा वापर झपाट्याने वाढला. मग काही रुग्णांना काविळीचा त्रास झाला, आणि १९६१ मध्ये ते अमेरिकेतून मागे घ्यावे लागले.

जवळजवळ त्याच वेळी स्वित्झर्लंडच्या एका टोकाला, बोडन सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेन गावच्या मनोरुग्णालयात, रोलांड कून नावाचे डॉक्टर गायगी कंपनीचा एक पदार्थ तपासत होते. त्याला नावही नव्हते, नुसता क्रमांक होता: जी २२३५५. स्किझोफ्रेनियावर त्याचा उपयोग होईल अशी आशा होती, ती फोल ठरली. जानेवारी १९५६ मध्ये कून यांनी तो तीव्र नैराश्याच्या एका महिला रुग्णाला दिला. काही दिवसांतच तिच्यात बदल दिसला. पुढे आणखी रुग्णांनाही तो दिला गेला. सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या मानसोपचार परिषदेत कून यांनी हे मांडले तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसे होती. हाच पदार्थ पुढे इमिप्रामिन म्हणून जगभर गेला.

आमच्या विषयाच्या माणसांना कून यांच्याबद्दल जास्त कुतूहल वाटते. शेजारच्याच क्रॉयत्सलिंगेनमध्ये लुडविग बिन्सवांगर काम करत. हायडेगरच्या तत्त्वज्ञानाच्या आधारे मनोरुग्णाचे जग समजून घेणारे ते डॉक्टर, आणि कून त्यांच्या विचारांच्या प्रभावाखाली होते. त्यामुळे रुग्णाशी दीर्घ बोलणे, तो सकाळी कसा असतो, संध्याकाळी कसा असतो, हे बारकाईने पाहणे ही कून यांची पद्धत होती. शोध लागला तो या पाहण्यातून. मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ मध्ये स्विस इतिहासकारांनी त्या रुग्णालयाचे दप्तर तपासून ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून उघड झाले की कून यांनी कित्येक वर्षे अनेक पदार्थ रुग्णांवर तपासले आणि पुष्कळदा रुग्णांची रीतसर संमती घेतलीच नव्हती. ज्या गोळीने लाखोंना आधार दिला, तिची पहिली किंमत कुणी आणि न विचारता मोजली, हे विसरून चालणार नाही.

कारण मागून आले

आता इथे जरा थांबू. दोन्ही औषधे सापडली तेव्हा नैराश्य कशाने येते याबद्दल कोणताही रासायनिक सिद्धांत हातात नव्हता. गोळी आधी आली. कारण मागून शोधले गेले.

ते कसे शोधले, पाहा. आयप्रोनियाझिड मेंदूतल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते हे १९५२ मध्ये कळले होते. हा विकर सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन अशा रसायनांचे विघटन करतो. म्हणजे तो अडला की ही रसायने जास्त उरतात. उलट बाजूला आपली सर्पगंधा. १९५० च्या दशकाच्या मध्यावर दिसून आले की रिसर्पिनमुळे हीच रसायने मेंदूत कमी होतात, आणि रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. झाले! रसायन वाढवले की मन उभारी धरते, कमी केले की मन खचते. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या अंगाने, आणि १९६७ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या अंगाने हा सिद्धांत मांडला. शिल्डक्राउट यांनी स्वतःच तो अतिसुलभ असण्याचा इशारा दिला होता. तो इशारा मागे राहिला, सिद्धांत तेवढा पुढे गेला.

आणि एक पुरावा तर त्या वेळीच समोर होता. १९५५ मध्ये लंडनच्या मायकेल शेफर्ड आणि डेव्हिड डेव्हिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. चिंता आणि खिन्नता असलेल्या रुग्णांना त्यांनी रिसर्पिन दिले होते, आणि ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरले होते! जे रसायन कमी झाल्याने माणूस खचतो म्हणतात, ते कमी करणाऱ्या औषधानेच खचलेल्यांना बरे वाटले. सिद्धांताच्या गळ्याला लागणारी ही गोष्ट, पण तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

तर्कातली चूक काय झाली, ती घरच्या उदाहरणाने सांगतो. आल्याचा चहा घेतल्यावर घसा मोकळा होतो. म्हणून घसा आल्याच्या कमतरतेने बसला होता असे आपण म्हणतो का? उपायावरून कारण काढता येत नाही. आपल्या न्यायदर्शनात ज्ञान खरे की खोटे हे त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली की नाही यावरून जोखतात. कसोटी चांगली आहे, पण सफल झाली ती गोळी. 'रसायन कमी पडल्याने नैराश्य येते' हा सिद्धांत त्या सफलतेत फुकटात पास झाला.

कावळा आणि फांदी

मग तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. गोळीने बरे वाटते का? इथेही एक अडचण आहे. नैराश्याचे झटके पुष्कळदा आपोआपही ओसरतात. शिवाय कुणी आपली विचारपूस करते, दर आठवड्याला बोलावते, आशा दाखवते, यानेही बरे वाटते. मग गोळी घेतली आणि बरे वाटले, यात गोळीचे श्रेय किती? आपण म्हणतो ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला! नैयायिकांनी यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितली आहे. अमुक असताना तमुक होते, एवढे पुरत नाही. अमुक नसताना तमुक होत नाही, हेही दाखवावे लागते. प्लासिबोची चाचणी म्हणजे हा व्यतिरेक. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे. एका गटाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

१९६५ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशी चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात दाखल असलेले २५० रुग्ण, चार उपचार. चार आठवड्यांनी लक्षणीय सुधारणा झालेले असे: विजेच्या उपचारात ७१%, इमिप्रामिनमध्ये ५२%, फेनेल्झिन या आयप्रोनियाझिडच्या जातीच्या औषधात ३०%, आणि बिनऔषधी गोळीत ३९%. हे आकडे नीट पाहा. एक औषध प्लासिबोहून चांगले, दुसरे प्लासिबोच्याही मागे. आणि नुसत्या दाखल होण्याने, काळजी घेतल्याने, काळ गेल्याने पाचातल्या दोघांना बरे वाटले. पुढच्या साठ वर्षांचा सगळा वाद या एका तक्त्यात बीजरूपाने आहे.

खिन्नता मोजायची कशी, हाही प्रश्न होताच. १९६० मध्ये मॅक्स हॅमिल्टन यांनी १७ बाबींची एक मोजपट्टी तयार केली, कमाल गुण ५२. पुढच्या बहुतेक चाचण्या तिच्यावर चालल्या. यात झोपेच्या तीन बाबी मिळून ६ गुण आहेत. म्हणजे एखाद्या गोळीने नुसती झोप चांगली लागली, तरी गुण बरेच उतरतात. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचे आकडे ऐकायचे.

जाहिरातीचे दिवस आणि कपाटातले कागद

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लुऑक्सेटिनला परवानगी दिली. इलाय लिली कंपनीचे प्रोझॅक ते हेच. जुन्या औषधांपेक्षा ते फार प्रभावी होते असे नाही, पण सुरक्षित होते. इमिप्रामिनच्या गोळ्या एकदम जास्त घेतल्या तर जीव जाऊ शकतो, इथे तो धोका बराच कमी. साधे डॉक्टरही ते लिहून देऊ लागले. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात बनवले. याच काळात 'रासायनिक असंतुलन' हा शब्दप्रयोग जाहिरातींतून घराघरात पोहोचला. प्रयोगशाळेत अनिर्णित राहिलेला सिद्धांत दवाखान्यात सिद्ध झाल्यासारखा बोलला जाऊ लागला.

त्याचा हिशेब पुढे द्यावा लागला. २००४ मध्ये अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा आला, की मुलांत आणि किशोरवयीनांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. २००७ मध्ये तो तरुण प्रौढांपर्यंत वाढवला. २००८ साली दोन अभ्यास लागोपाठ आले. एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या काढल्या. प्रशासनाच्या मते ३८ औषधाला अनुकूल होत्या. त्यांतल्या ३७ नियतकालिकांत छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अनुकूल वाटाव्यात अशा रीतीने छापल्या गेल्या, आणि फक्त ३ जशा होत्या तशा. म्हणजे छापील कागद वाचणाऱ्या डॉक्टरला वाटे की ९४% चाचण्या यशस्वी आहेत. खरा आकडा ५१%.

दुसरा अभ्यास अर्व्हिंग कर्श यांचा. छापलेल्या आणि न छापलेल्या ३५ चाचण्या मिळून त्यांनी दाखवले की हॅमिल्टनच्या पट्टीवर औषधाने सरासरी ९.६ गुणांची सुधारणा होते, तर बिनऔषधी गोळीने ७.८. फरक १.८ गुणांचा. ब्रिटनमध्ये अर्थपूर्ण फरकासाठी तेव्हा ३ गुणांचा निकष धरला जात होता. वृत्तपत्रांनी मथळे दिले की गोळ्यांचा उपयोग नाही.

मग २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्रिया चिप्रियानी यांच्या गटाने ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण आणि २१ औषधे यांचा एकत्र हिशेब मांडला. सगळी २१ औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली. वृत्तपत्रांनी पुन्हा मथळे दिले, आता गोळ्या काम करतात असे. गंमत अशी की दोन्ही अभ्यासांतला फरक आकाराने जवळजवळ सारखाच आहे, लहान पण शून्य नव्हे. बदलला तो मथळा.

सरासरीच्या मागे कोण आहे

इथे आणखी एक भेद करावा लागतो. सरासरी १.८ गुण याचा अर्थ प्रत्येकाला १.८ गुणांचा फायदा असा होत नाही. दहा जणांना मिळून दहा पोळ्या मिळाल्या, पण दोघांनी चार-चार खाल्ल्या आणि सहा जण उपाशी राहिले, तरी सरासरी एक पोळीच. २०२२ मध्ये अमेरिकी प्रशासनाकडच्या २३२ चाचण्यांतल्या ७३,३८८ रुग्णांची वैयक्तिक माहिती तपासली गेली. त्यात मोठी सुधारणा झालेले रुग्ण औषधाच्या गटात सुमारे २५% होते, प्लासिबोच्या गटात सुमारे १०%. म्हणजे शंभरातल्या साधारण पंधरा जणांना औषधामुळे अशी मोठी सुधारणा मिळाली, जी एरवी मिळाली नसती. उरलेल्यांपैकी काहींना कशानेही बरे वाटले असते, काहींना कशानेच वाटले नाही.

सातात एक! हा आकडा कमी आहे की जास्त? ते तुम्ही कुठे उभे आहात यावर आहे. ज्यांच्या घरात तो एक माणूस आहे त्यांना 'प्लासिबोच आहे हो' म्हणणे क्रूरपणाचे. आणि ज्या माणसाला दोन औषधे लागू पडलेली नाहीत, त्याला 'तुझीच इच्छाशक्ती कमी' म्हणणेही तितकेच क्रूर. दोघेही खरे बोलत आहेत. अडचण ही की हा एक कोण, हे आधी ओळखण्याची खात्रीशीर तपासणी आज उपलब्ध नाही. म्हणून गोळी देऊन पाहणे, काही आठवड्यांनी विचारणे आणि त्याप्रमाणे बदलणे, यालाच उपचार म्हणायचे. आजार सौम्य असेल तर सुरुवात गोळीने करू नये, असे २०२२ ची ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

बहुतेक चाचण्या आठ आठवड्यांच्या. माणसे गोळ्या घेतात वर्षानुवर्षे. मग थांबवायचे केव्हा? २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या आणि आता बरे वाटत असलेल्या ४७८ जणांपैकी निम्म्यांची गोळी त्यांच्या नकळत हळूहळू प्लासिबोवर आणली. अर्थात चाचणीला त्यांची संमती होती. वर्षभरात गोळी चालू असलेल्यांत ३९% लोकांचा आजार उलटला, बंद केलेल्यांत ५६%. म्हणजे गोळीने संरक्षण मिळते. आणि हेही खरे की बंद करूनही ४४% लोक वर्षभर ठीक राहिले. गोळी अचानक सोडल्यावर चक्कर, बेचैनी, झोप उडणे, डोक्यात विजेसारखे झटके, असा त्रास काहींना होतो. लैंगिक इच्छा मंदावणे, भावना बोथट होणे हेही घेताना घडते. जुन्या पिढीतले रुग्ण हे सांगत होते तेव्हा त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने गोळी सोडतानाच्या त्रासाबद्दलची आपली भूमिका बदलली ती थेट २०१९ मध्ये.

सिद्धांत पडला, गोळीचे काय?

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सेरोटोनिनवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन म्हटले की नैराश्यात सेरोटोनिन कमी असते याला सुसंगत पुरावा नाही. बातमी मोबाइलवरून आपल्याकडेही आली, आणि 'मग आईच्या गोळ्या बंद करू का?' असे लोक विचारू लागले. आता आपले तीन प्रश्न आठवा. तो आढावा पहिल्या प्रश्नाबद्दल होता, तिसऱ्याबद्दल नव्हता. कारणाचा सिद्धांत पडला म्हणून गोळीचा उपयोग पडत नाही, जसा गोळीच्या उपयोगाने सिद्धांत उभा राहत नव्हता. मात्र इन्सुलिनची ती उपमा आता आपण सोडली पाहिजे. मधुमेहात काय कमी आहे ते रक्त तपासून दाखवता येते. इथे तसे काही दाखवता येत नाही. गोळीचे समर्थन करायला खोट्या उपमेची गरज नाही.

गोव्यातले दोन निकाल

हे सगळे आकडे बहुतांशी श्रीमंत देशांतले. आपल्या माणसांचे काय? याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळते. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांची चाचणी आली. सामान्य बाह्यरुग्ण विभागात आलेले, नैराश्य आणि चिंतेने त्रस्त ४५० रुग्ण. काहींना फ्लुऑक्सेटिन, काहींना प्लासिबो, काहींना समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिन प्लासिबोपेक्षा चांगले ठरले. समुपदेशन ठरले नाही. ज्यांना वाटते की गोळी म्हणजे पाश्चात्त्यांचे खूळ आणि आपल्याला बोलणे पुरते, त्यांनी हा निकाल विचारात घ्यावा.

पण त्या लोकांनी तिथे थांबून 'गोळीच द्या' असे म्हटले नाही. समुपदेशन आपल्या माणसांना, आपल्या भाषेत, आपल्या दवाखान्यात कसे द्यायचे यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. २०१७ मध्ये दुसरा निकाल आला. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना स्थानिक, डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. भर एका साध्या गोष्टीवर होता: सुटून गेलेली कामे, माणसे, आवडी, एक-एक करून पुन्हा दिवसात आणणे. तीन महिन्यांनी नेहमीच्या, थोड्या सुधारलेल्या उपचारात ३९% लोक आजारातून बाहेर आले होते. या भेटी मिळालेल्यांत ६४%.

दोन्ही निकाल खरे आहेत, आणि दोन्ही आपल्या मातीतले आहेत. आपल्याकडचा मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५% रुग्णांपर्यंत कोणताच उपचार पोहोचत नव्हता. गोळीही नाही, बोलणेही नाही. गोळी की समुपदेशन हा वाद घालणारे आपण उरलेल्या पंधरांतले.

तेव्हा संयोजकांच्या प्रश्नाचे उत्तर असे. उपयोग होतो, काहींना खूप, पुष्कळांना थोडा, काहींना नाही. आजार तीव्र असेल तर गोळी टाळणे धोक्याचे. सौम्य असेल तर गोळीशिवाय सुरुवात करता येते. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात: मला फरक पडला हे आपण कशावरून ठरवणार, आणि ती थांबवायची वेळ कधी, कशी ठरवणार? हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. आणि मनातल्या मनात ठरवून गोळी एकदम बंद करू नये, वृत्तपत्रात काहीही वाचले तरी. कुणाशी बोलायचे हे कळत नसेल तर शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येते.

आपण या आजाराचे कारण अजून पुरते जाणत नाही. पण कारण कळेपर्यंत मदत थांबवावी असा नियम वैद्यकात कधीच नव्हता आणि घरातही नसतो. ताप कशाचा हे कळायच्या आधी आपल्या आया कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवतच होत्या. त्याच वेळी त्या दर तासाला हात लावून पाहत होत्या, की ताप उतरतोय की नाही. नैराश्याच्या बाबतीत पट्टी ठेवायला आपण शिकलो. दर तासाला हात लावून पाहायला अजून शिकायचे आहे.